तिथी बघा, मग बोट ठरवा: वाशिष्ठीच्या खाडीत मगरी पाहताना

पहिल्यांदा मी चिपळूणजवळच्या वाशिष्ठीच्या खाडीत मगरी बघायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, पौर्णिमा होती आणि खाडी काठोकाठ भरलेली होती. बोटवाल्याने फोनवर "कधीही या, मगरी आहेतच" असं सांगितलं होतं. दीड तास फिरलो. दिसल्या त्या पाण्यात उभ्या तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, शेंड्या, दोन पाणकावळे आणि एक तरंगती चप्पल. शेजारच्या काकू परतताना म्हणाल्या, "मगरी रविवारी सुट्टीवर असतात वाटतं." बोटवाला खोटं बोलला नव्हता. मगरी होत्याच, आमच्या खाली. त्यांना बाहेर येऊन बसायला जागा नव्हती इतकंच.

पुढच्या वेळी मामाने तारीख ठरवून दिली. त्याने फोन हातात घेतला नाही, भिंतीवरचं कालनिर्णय काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "चतुर्थीला ये. आठला बोटीत बस." त्या दिवशी दोन तासांत अकरा मगरी मोजल्या. नदी तीच, बोट जवळपास तशीच, फक्त पाणी खाली होतं. त्यामुळे नवख्या माणसाला मी दुर्बिणीच्या आधी तिथीच शिकवतो.

पाऊणपटीचं गणित

खाडीतली मगर थंड रक्ताची. सकाळी तिला ऊन खायला हवं आणि ऊन खायला उघडा काठ हवा. वाशिष्ठीच्या खाडीत दोन्ही बाजूंना कांदळवन दाट आहे. भरतीला पाणी थेट झाडांच्या बुंध्यात शिरतं, मग मगर झाडीत किंवा पाण्यात. ओहोटी लागली की कांदळवनापुढे चिखलाचा उतार उघडा पडतो, आणि ऊन खाणाऱ्या मगरीला हीच जागा लागते. तुम्हाला हव्यात दोन गोष्टी एकाच वेळी: उतरलेलं पाणी आणि कोवळं ऊन.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीची दोन्ही. चतुर्थीचे चार, त्याची पाऊणपट तीन. म्हणजे साधारण तीन वाजता पहाटे आणि तीनलाच दुपारी भरती. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आणि थोडी मिनिटं पुढे, म्हणजे सकाळी नऊ-सव्वानऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, पण लोक सरळ बारा धरतात.

आता हे मगरीच्या वेळापत्रकाला लावून बघा. अमावास्या-पौर्णिमेला बाराला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. पाणी चांगलं उतरतं, पण तेव्हा ऊनच नसतं, आणि ऊन येईपर्यंत पाणी परत चढायला लागतं. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. चिखलाचा पट्टा अरुंद राहतो. मधल्या तिथ्या मात्र सोन्यासारख्या. तृतीयेला ओहोटी सव्वाआठच्या सुमारास, चतुर्थीला नऊ-सव्वानऊ, पंचमीला दहाच्या आसपास, षष्ठीला पावणेअकरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ ते साडेदहा हा ऊन खायचा वेळ, म्हणून तृतीया ते षष्ठी डोळे झाकून निवडा.

संध्याकाळीच वेळ मिळणार असेल तर द्वादशी, त्रयोदशी बघा. द्वादशीला भरती सकाळी नऊला, ओहोटी सव्वातीनला, त्रयोदशीला चारला. तीन ते पाच बोटीत काढायचे. थंडीत हेही चांगलं जमतं, मात्र दुपारभर तापलेल्या मगरी उतरत्या उन्हात थोड्या कमी दिसतात असा माझा अनुभव आहे.

हे गणित घड्याळासारखं काटेकोर नाही. दाभोळच्या मुखाशी भरती आधी येते, आत चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत चढायला तिला वेळ लागतो. दोन्ही बाजूंनी तासाभराची मोकळीक ठेवा. तारीख पक्की करताना भरती-ओहोटीचं एखादं अ‍ॅप उघडून जवळच्या बंदराची वेळ ताडून बघा. आणि चिपळूणच्या अगदी जवळ आणखी एक गंमत आहे. कोयनेचं पाणी वीज करून झाल्यावर पोफळी-कोळकेवाडीच्या बाजूने वाशिष्ठीत सोडतात. सह्याद्रीच्या पलीकडे पूर्वेला जाणारं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला आलेलं. त्यामुळे उन्हाळ्यातही ही नदी वाहती असते, आणि वीजनिर्मिती जोरात असली की वरच्या टप्प्यात पाणी पंचांगाला जुमानत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी बोटवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: "उद्या सकाळी चिखल किती वाजता उघडा पडेल?" जो पटकन वेळ सांगतो तो आपला माणूस. जो "कधीही या" म्हणतो त्याला नम्रपणे नमस्कार.

महिना कोणता

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाण्यापेक्षा हवा जितकी गार, तितकी मगर जास्त वेळ उन्हात पडून राहते. पक्षीही याच दिवसांत बाहेरून आलेले असतात. मार्चमध्ये जमतं, पण नऊच्या आत उरकायला लागतं. एप्रिल-मे मध्ये दहा वाजता तुम्हीच मगरीसारखे तोंड उघडून बसाल. पावसाळ्यात विचार नको. नदी कशी फुगते हे चिपळूणकरांना 22 जुलै 2021 ला पुरतं कळलेलं आहे. पावसात मगरीच गावात फिरायला येतात. 2024 च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून रात्री चालत निघालेल्या मगरीचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल.

पोचायचं आणि बोट ठरवायची

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पहाटे चिपळूणला उतरवते, सकाळच्या फेरीसाठी याहून सोयीचं काही नाही. पुण्याकडून येणारे कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरतात. गोवळकोटचा धक्का चिपळुणातच आहे, वर गोविंदगड आणि खाली करंजेश्वरीचं देऊळ. खाली मालदोलीच्या बाजूनेही फेऱ्या होतात. रविवार आणि नाताळची सुट्टी टाळता आली तर टाळा. एकामागून एक सहा बोटी गेल्या की सहाव्या बोटीला नुसते घसरल्याच्या खुणा दिसतात.

बोट ठरवताना पैशांआधी या गोष्टी बघा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि ते नुसतं बाकाखाली कोंबलेलं नाही ना, बक्कल लागतं का. किती माणसं बसवणार? आठ-दहा ठीक, वीस असतील तर ती सहल झाली, निरीक्षण नव्हे. इंजिन मध्येच बंद करून बोट वाहती सोडतील का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण ओहोटीबरोबर बिनआवाजी वाहत जाणारी बोट मगरीला ओंडक्यासारखी वाटते, आणि घरघरणारी बोट बोटीसारखी. छप्पर असेल तर कडेला उभं न राहता दिसेल इतकं उंच आहे का? गाणी लावणार नाहीत ना? हे शेवटचं आधी विचारलेलं बरं. एकदा आमच्या शेजारच्या बोटीत लग्नाची वरात असल्यासारखा आवाज होता आणि अर्धा किलोमीटर काठ मोकळा झाला.

शक्य असेल तर चार-सहा जणांनी मिळून छोटी होडी पूर्ण घ्या. माणशी थोडे जास्त पडतात, पण मग वेळ तुमच्या हातात आणि "दादा, पाच मिनिटं थांबा" म्हणता येतं.

बरोबर काय घ्याल

दुर्बीण हवीच. आठ गुणिले बेचाळीस अशी खूण असलेली घ्या: आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. दुकानदार बारा पटीची, वीस पटीची गळ्यात मारायला बघतो. हलत्या बोटीत त्यातून फक्त थरथरणारं हिरवं दिसतं. दुर्बीण विकत घ्यायच्या आधी कुणाकडून तरी उसनी आणा. चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडच्या रबरी वाट्या आत दाबाव्यात, ही गोष्ट मला चार वर्षं कुणी सांगितली नव्हती.

कपडे चिखलाच्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. टोपीला बांधायची दोरी. पाणी, आणि पाण्यावर पडणारी चमक मारणारा पोलराइज्ड गॉगल. त्यातून उथळ पाण्यातली हालचाल बरी कळते. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. बुटं नकोत, साध्या चपला तर अजिबात नकोत, कारण शेवटी सांगतो. फोन आणि कॅमेऱ्याला झिपची प्लास्टिक पिशवी. खाऊ आणलात तर वेष्टनं खिशात.

कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या एक हजारांशाच्या आसपास ठेवा, बोट आणि प्राणी दोन्ही हलत असतात. फोनच असेल तर झूम ताणत बसू नका. दुर्बिणीच्या एका डोळ्याला फोनची काच टेकवून काढलेला फोटो पुष्कळ बरा येतो. पहिल्या फेरीत मात्र अर्धा वेळ काहीच हातात न घेता बघा.

कुठे बसायचं, बघायचं कसं

वाशिष्ठी साधारण पश्चिमेला वाहते. सकाळी गोवळकोटहून खाली जाताना सूर्य पाठीमागे असतो, समोरचा सगळा काठ उजळलेला. म्हणून जातानाचा प्रवास डोळे फाडून बघायचा आणि येताना गप्पा. संध्याकाळी उलटं, जाताना डोळ्यांत ऊन, परतताना प्रकाश चांगला. जागा नाळेजवळची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळची पकडा, इंजिनापासून लांब.

नवख्याची चूक अशी की तो पाण्याच्या मध्यावर बघत राहतो. नजर काठावर ठेवा, पाणी आणि चिखल मिळतात त्या रेषेवर, आणि ती रेष हळूहळू, वाचल्यासारखी पुढे न्या. "मगर" शोधू नका. मगरीसारखं काही दिसत नाही. दिसतो तो ओंडका. चिखल वाळलेली मगर राखाडी-तपकिरी असते आणि चिखलातच मिसळून जाते. नुकतीच पाण्यातून आलेली जवळजवळ काळी. ओंडका आणि मगर यांतला फरक शेपटीकडून ओळखायला शिका: शेपटीवर दोन ओळींत उभे राहिलेले खवले असतात, करवतीसारखे, आणि टोकाकडे त्यांची एकच ओळ होते. ओंडक्याला करवत नसते. दुसरी खूण घसरगुंडी. चिखलात वरून पाण्यापर्यंत गुळगुळीत, ताटाएवढ्या रुंदीचा पन्हाळ दिसला आणि दोन्ही बाजूंना पंजांचे खड्डे असले की मगर तिथून आत्ताच उतरली आहे किंवा रोज उतरते.

पाण्यातली मगर म्हणजे तीन उंचवटे: पुढे नाकपुड्या, मागे दोन डोळे. मधलं अंतर दिसलं की प्राणी केवढा आहे याचा अंदाज येतो. लाकूड पाण्याबरोबर वाहत जातं. हे तीन उंचवटे ओहोटीच्या धारेत एका जागी थांबलेले असतात. हीच तुमची खात्री.

दिसल्यावर ओरडायचं नाही. बोटीची नाळ म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा नऊ असं धरून "दहा वाजता, वाकलेल्या तिवराखाली" असं हळू सांगायचं. हात लांब करून बोट दाखवलं की अर्धे लोक उभे राहतात, होडी कलंडते आणि मगर जाते. हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता बोटीत चढतानाच सगळ्यांना सांगून टाकतो.

एक दृश्य सांगतो म्हणजे काय शोधायचं ते कळेल. मालदोलीच्या अलीकडे नाखव्याने इंजिन बंद केलं आणि वल्हं चिखलात रोवून बोट धरली. काही सेकंद फक्त चिखलाचा आवाज, बारीक कडकड, पोह्यांवर पाणी शिंपडल्यासारखा. समोर पंधरा-वीस मीटरवर नऊ-दहा फुटांची मगर, जबडा उघडा. आतला रंग फिकट पिवळसर-गुलाबी. खालच्या जबड्यावर चिखलाचा थर सुकून भेगाळला होता आणि त्या भेगांवर माशा. एक तुतवार पक्षी शेपूट वरखाली करत तिच्या पुढच्या पंजापासून हातभर अंतरावर चिखल टोचत होता. दोघांनाही एकमेकांचं काही नव्हतं. पाच मिनिटं काही घडलं नाही, आणि आमच्यापैकी कुणालाही निघावंसं वाटलं नाही.

मगर काय सांगते ते वाचा

उघडा जबडा म्हणजे राग नव्हे. अंगाचं तापमान सांभाळायला ती तोंड उघडून बसते. बोटीतले काका "बघा, हल्ल्याच्या तयारीत!" म्हणाले तर हसून सोडून द्या. खरी खूण मानेची आहे. पसरलेली मगर मान उचलते, मग पुढचे पाय अंगाखाली घेते. या क्षणी नाखव्याला मागे यायला सांगा. तरीही ती सरकून पाण्यात गेली तर चूक आपली, आपण जास्त जवळ गेलो. माझ्या वहीत मी फेरीचे गुण असेच मांडतो: किती दिसल्या, आणि त्यांतल्या किती आमच्यामुळे पाण्यात गेल्या. दुसरा आकडा शून्य आला तर ती फेरी चांगली.

ही आपली गोड्या पाण्यातली मगर. थोडं खारं पाणी ती चालवून घेते. कोकणात लोक तिला सर्रास सुसर म्हणतात. लांब निमुळत्या तोंडाची खरी सुसर उत्तरेतल्या नद्यांची, इथे ती नाही. खाऱ्या पाण्यातली अजस्र मगर ओडिशातल्या भितरकनिका, सुंदरबन आणि अंदमानाकडची. तीही इथे नाही. त्यामुळे तोंड रुंद, आखूड दिसलं की नाव शोधत बसायची गरज नाही.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत मादी काठावर भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून पंचवीस-तीसच्या आसपास अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरतं. दोनेक महिन्यांनी, पाऊस तोंडावर आला असताना, पिल्लं आतून आवाज करतात आणि आई माती उकरते. या काळात एखादी मोठी मगर काठावर उंचावर एकटीच बसलेली दिसली आणि बोट जवळ आली तरी हलली नाही, तर ती सुस्त आहे असं समजू नका. तिच्या मागे घरटं असू शकतं. तिथे थांबायचं नाही आणि फोटोबरोबर जागाही टाकायची नाही.

मगरीपलीकडे

खरं सांगायचं तर मगर ही तिकिटाची जाहिरात आहे. ओहोटीचा चिखल नुसता बघितला तरी तासाचे पैसे वसूल होतात. निवट्या म्हणजे पाण्याबाहेर चालणारा मासा: डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रांगतो, शेजाऱ्यावर चिडला की पाठीवरचा पंख उभारतो. त्याच्या शेजारी नारिंगी-पांढरी एकच मोठी नांगी हलवणारे खेकडे. ती नांगी नराला असते, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला धमकवायला. शंभर खेकडे एकदम नांगी हलवायला लागले की पूर्ण काठ हात करतोय असं वाटतं. मघाशी जो बारीक कडकडाट सांगितला तो चिखलाच्या बिळांतला. तो ऐकायला इंजिन बंद हवं.

पक्ष्यांमध्ये पहिल्याच फेरीत चाळीस नावं पाठ करायला जाऊ नका. खंड्या ओळखायला लागा, तोही निळा दिसला म्हणून नव्हे, तर आवाजाने. ब्राह्मणी घार, तांबूस अंग आणि पांढरं डोकं, सतत दिसेल. त्याहून मोठा, खालून पांढरा आणि पंखांची किनार काळी, शेपूट पाचरीसारखी, असा दिसला तर समुद्री गरुड. बहुतेक दाभोळच्या बाजूला. थंडीत कैकर येतो, मासे धरणारा शिकारी पक्षी, पाय पुढे करून पाण्यावर आदळतो आणि मासा विमानासारखा लांबट धरून नेतो. मान वाकडी करून पंख वाळवत बसलेले पाणकावळे, अंग पाण्याखाली ठेवून फक्त सापासारखी मान बाहेर काढणारा तिरंदाज, राखी बगळे, टिटव्या. एवढे ओळखलेत तरी पुष्कळ.

पाणमांजरं नशिबाचा भाग. दिसली तर तीन-चार एकत्र, पाण्यात गोल डोकी आणि मागे वळणावळणाची रेष. मगरीचं डोकं पाणी न हलवता सरकतं, पाणमांजर पाणी घुसळत जातं. पहाटेच्या पहिल्या फेरीला शक्यता जास्त. कांदळवनातून कोल्हा डोकावतो, घोरपड झाडावर ऊन खात असते. आणि चिखलात गुडघाभर उतरून मुळे, तिसऱ्या असे शिंपले वेचणाऱ्या बायका दिसतील. मगरीपासून शंभर मीटरवर. त्यांचे फोटो विचारून काढा. एका मावशींना मी विचारलं, भीती नाही वाटत? "ती तिचं बघते, मी माझं," म्हणाल्या आणि पाटी पुढे सरकवली.

बोटीत काय करायचं नाही

हात पाण्यात घालायचा नाही, मुलांना कठड्यावरून वाकू द्यायचं नाही, चिखलावर उतरायचं नाही. मगर बाहेर यावी म्हणून कोंबडीचे तुकडे टाकणारा बोटवाला भेटला तर त्याला थांबवा आणि नाहीच ऐकलं तर परत फिरा. बोट म्हणजे खाणं असं मगरीने एकदा शिकलं की त्याचा हिशेब त्या पाटीवाल्या मावशींना चुकता करावा लागतो. शिवाय मगर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यात आमिष दाखवणं, हुसकावणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत येतं. दगड मारून "हलते का बघू" म्हणणाऱ्या पुतण्याला हे आधीच सांगून ठेवा. ड्रोन नको. मगर झोपली आहे की मेली आहे यावर पैजही नको.

चिपळूण जमत नसेल तर

गोव्यात असाल तर कुंभारजुव्याचा कालवा बघा. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा, पंधरा-एक किलोमीटरचा, दोन्ही काठ कांदळवनाचे. इथेही तीच मगर, खाऱ्या पाण्यात मुरलेली. जुन्या राज्यकर्त्यांनी शत्रू पोहून येऊ नये म्हणून या पाण्यात मगरी सोडल्या, अशी गोष्ट प्रत्येक बोटीत सांगतात. ऐकायला छान आहे, पुरावा मागू नका. त्याहून मला भावते ती फोंड्याकडच्या खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतजमिनीतल्या, गावांची रीत. पौष अमावास्येला तिथले शेतकरी बांधाजवळ चिखलाची मगर थापतात, अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात आणि तिची पूजा करतात. मानगे थापणी म्हणतात तिला. खाजणाचा बांध फुटला तर भातशेतीत खारं पाणी, आणि बांधाच्या पलीकडे मगर. दोघांशी जुळवून घेऊन राहणाऱ्यांची ही पूजा. जवळच चोडण बेटावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, रायबंदरहून फेरीबोटीने जाता येतं. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, पण सकाळी होडीतून आत शिरलात तर पक्ष्यांसाठी ते वाशिष्ठीपेक्षा सरस. गोव्यातही पाऊणपटीचं गणित चालतं, फक्त भरती कोकणाच्या उत्तर भागापेक्षा थोडी आधी धरा.

परतल्यावर, आणि त्या सँडलचं

धक्क्यावर उतरायच्या आधी, बोटीतच, वहीत लिहा: तारीख, तिथी, बोट निघायची वेळ, पाणी कुठवर होतं, किती मगरी, अंदाजे लांबी, कुठे. तीन-चार फेऱ्या झाल्या की तुमचंच पंचांग तयार होतं. त्यातून कळतं की अमुक वळणावर चतुर्थीला साडेआठला ऊन पोचतं आणि पंचमीला समोरच्या काठावर बघायला हवं. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर इतरांनाही उपयोग होतो.

आता सँडल. ज्या ओहोटीने तुम्हाला मगर दाखवली, तीच ओहोटी परतताना धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या टाकते. त्यांच्यावर शेवाळ असतं, आणि कधी बोट पायरीपर्यंत पोचतच नाही, शेवटची चार पावलं चिखलातून. माझी एक चप्पल अशीच गोवळकोटला राहिली. पहिल्या फेरीत तरंगताना दिसली होती तीही बहुधा कुणाची अशीच सुटलेली असावी. उतरताना घाई करायची नाही, कॅमेरा आधी वर द्यायचा, मग म्हातारी माणसं, मग आपण. नाखवा हात देतो तेव्हा त्याचा पंजा न धरता मनगट धरा, ओला पंजा निसटतो. आणि पाय धुवायला पाण्यात वाकायच्या आधी पायरीखाली एकदा बघून घ्या.